माकूळ परतणे म्हणजे नोकरी जाणे: कँटोनीजच्या दुहेरी अर्थांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगला कामानिमित्त जाणारे, तिथे राहणारे आणि घरबसल्या कँटोनीज शिकू पाहणारे मराठी लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही, पण उच्चारांचा प्रश्न आधी वाचलेला बरा.

कँटोनीज म्हणजे चिनीच ना?

चिनीच, पण टीव्हीवर ऐकू येते ती मँडरिन, म्हणजे चीनची राजभाषा, नव्हे. दक्षिण चीनचा क्वांगतुंग प्रांत, शेजारच्या क्वांगसीचा काही भाग, हाँगकाँग आणि मकाव हा हिचा मुलूख. क्वालालंपूर, इपो, सॅन फ्रान्सिस्को, व्हँकूव्हर इथल्या जुन्या चिनी वस्त्यांमध्येही ती ऐकू येते. ज्या युए गटात ती मोडते त्याचे भाषक आठ कोटींच्या आसपास धरले जातात. चिनी अक्षरं दोघींची सामायिक असली, तरी बीजिंगच्या माणसाला कँटोनीज नुसती ऐकून कळत नाही.

शाळेतलं आणि सरकारी लेखन प्रमाण चिनीत होतं. आपल्याला हवे आहेत ते रंगतदार शब्द बहुतेक बोलीतले, म्हणजे बाजारात, कॉमिक्समध्ये, जाहिरातींत आणि मोबाइलच्या मेसेजमध्ये भेटणारे. म्हणूनच पाठ्यपुस्तकं वाचून गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात हाँगकाँगच्या मासळी बाजारात गोंधळतो. मी गोंधळलो होतो.

इथे उच्चार देवनागरीत कसे लिहिले आहेत?

रोमन लिप्यंतर वाचून मराठी माणूस उगाच चुकतो. 1993 मध्ये हाँगकाँगच्या भाषाशास्त्रज्ञांनी यूत-फिंग नावाची रोमन पद्धत तयार केली. ती चांगली आहे, पण तिच्यातला ‘जी’ म्हणजे आपला क आणि ‘के’ म्हणजे ख. तसंच ‘बी’ म्हणजे प, ‘पी’ म्हणजे फ (ओठ मिटून म्हटलेला, फळातला), ‘डी’ म्हणजे त आणि ‘टी’ म्हणजे थ. क-ख, प-फ, त-थ हे भेद आपण बालवाडीपासून करतो, त्यामुळे देवनागरीत काम सोपं होतं. शिवाय ‘चाक’मधला च कँटोनीजमध्ये जसाच्या तसा आहे. ‘चार’मधला च तिथे वापरू नका. याच चाकातल्या च ला ह जोडल्यासारखा जो वर्ण आहे, तो मी ‘छ’ असा लिहिला आहे.

सूर मात्र देवनागरीत दाखवता येत नाहीत. ते सहा आहेत. ‘सी’ हे एकच अक्षर सहा सुरांत म्हटलं की अनुक्रमे कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि बाब असे सहा शब्द होतात. ‘माइ’ एका सुरात विकत घेणं, दुसऱ्या सुरात विकणं. तेव्हा हे पान उच्चार पाठ करण्यासाठी नाही, अर्थ समजण्यासाठी आहे.

शब्दशः अर्थ कळून उपयोग काय? सरळ लाक्षणिक अर्थच पाठ केला तर?

पाठ होईल आणि विसरेलही. शब्दामागचं चित्र दिसलं तर विसरत नाही. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घेऊ.

‘छाउ याउ-यू’. छाउ म्हणजे कढईत मोठ्या आचेवर परतणं, आपल्या चाउमीनमधला चाउ तोच. याउ-यू म्हणजे स्क्विड, कोकणात ज्याला माकूळ म्हणतात ते. एकत्र अर्थ: नोकरीवरून काढून टाकणं. आता माकुळाचा नोकरीशी काय संबंध? पूर्वी दुकानात काम करणारी माणसं मालकाच्याच जागेत राहत आणि अंथरूण घरून आणत. मालकाने काढलं की वळकटी गुंडाळायची आणि चालू लागायचं. माकुळाचे तुकडे गरम कढईत पडले की कडेने वळतात आणि गुंडाळी होते, अगदी त्या वळकटीसारखी.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण ‘गाशा गुंडाळणे’ आपण रोज म्हणतो. आपण गाशाच गुंडाळला, त्यांनी तो कढईत पाहिला, एवढाच फरक. याच अर्थाचा आणखी सरळ शब्दही त्यांच्याकडे आहे: ‘चप पाउ फुक’, गाठोडं उचलणं.

जाता जाता कोंबडीचं. चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी मालक नोकरांना जेवण देत असे. त्या पंक्तीत मालकाने एखाद्याच्या वाडग्यात स्वतः कोंबडीचा तुकडा ठेवला की त्याने समजून जायचं. या कोंबडीला ‘मोउ छिंग कइ’ म्हणतात, निर्दय कोंबडी. मला तर हा शब्द माकुळापेक्षाही आवडतो. बिचारी कोंबडी स्वतः शिजलीच आहे, वर निर्दयही तीच.

मग हॉटेलात खरंच माकूळ मागवायचं असेल तर?

मागवा, कोणाची नोकरी जाणार नाही. व्याकरणच अर्थ उघड करतं. लाक्षणिक अर्थात माणूस मधे येतो: ‘छाउ नेइ याउ-यू’, म्हणजे शब्दशः ‘तुझं माकूळ परतणं’. ज्याची नोकरी जाते, माकूळ त्याचं. राजीनामा देणारा उलट ऐटीत सांगतो की मी मालकाचंच माकूळ परतलं. पदार्थाच्या वेळी असा मालकी हक्क कोणी सांगत नाही. नुसतं ‘छाउ’ म्हटलं तरी काढून टाकल्याचा अर्थ निघतो.

हा छाउ फार कामाचा शब्द आहे. ‘छाउ लौ’ म्हणजे घरं परतणं: फ्लॅट घ्यायचा, भाव चढला की लगेच विकायचा, कढईतल्या जिन्नसासारखी उलटापालट. शेअरही असेच परततात. ‘छाउ छे’ म्हणजे गाडी परतणं, म्हणजे गाडी ठोकणं.

पाण्याला पैसा का म्हणतात?

इथे जरा थांबू, कारण निम्मी हाँगकाँगी बोली या एका शब्दावर तरंगते. पाणी म्हणजे ‘सोइ’. फेंगशुईमधली शुई म्हणजे याच शब्दाचा मँडरिन उच्चार. फेंगशुईत पाणी हे धनाचं रूप, आणि बोलीने ते मनावर घेतलं.

‘यत कौ सोइ’ म्हणजे पाण्याचा एक गोळा. अर्थ: शंभर डॉलर. ‘पोंग सोइ’ म्हणजे पाणी वजन करून देणं, अर्थात पैसे मोजणं. ‘तोक सोइ’ म्हणजे पाण्याचा अंदाज घेणं, म्हणजे उसने मागणं. खिसा रिकामा असेल तर ‘कोन थोंग’: तळं आटलं. आणि पैसा चारी बाजूंनी येत असेल तर ‘च्यू लुंग याप सोइ’: डुकराच्या पिंजऱ्यात पाणी शिरणं. हा पिंजरा बांबूचा, लांबट, सगळीकडून भोकं असलेला. पाण्यात टाकला की कुठून पाणी शिरलं ते सांगता येत नाही. नवीन दुकान टाकणाऱ्याला ही शुभेच्छा बिनदिक्कत द्यावी. डुकराचा उल्लेख तिथे कोणाला खटकत नाही.

आपणही ‘पैसा पाण्यासारखा खर्च केला’ म्हणतो आणि लाच देऊन ‘हात ओले करतो’. पण आपलं पाणी बहुधा वाहून जाणारं. त्यांचं पाणी येणारं.

सगळं पाणी मात्र पैसा नव्हे. ‘छोइ सोइ’, पाणी फुंकणं, म्हणजे गप्पा हाणणं किंवा बाता मारणं. ‘थइ सोइ’, पाण्यावर नजर ठेवणं, म्हणजे बाकीचे काहीतरी भानगड करत असताना कोणी येतंय का ते बघत उभं राहणं. ‘सोइ यू’ हे मऊ पाठीचं कासव, सूपसाठी प्रसिद्ध. लाक्षणिक अर्थ सहज लुबाडला जाणारा गिऱ्हाईक. बाजारात तुमच्याकडे बघून कोणी हा शब्द उच्चारला आणि आसपास कासव दिसत नसेल, तर भाव पुन्हा विचारा.

आणि ‘सोइ क्वो आप पुइ’: बदकाच्या पाठीवरून पाणी गेलं. कितीही शिकवा, काही टिकत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. हा शब्द मला माझ्या शिकवणीच्या बाईंनी शिकवला, आणि उदाहरणही मीच होतो.

काय काय खातात ही माणसं?

‘सिक’ म्हणजे खाणं, आणि ही भाषा बोलणारे ताटात नसलेलंही बरंच खातात.

मेलेलं मांजर खाणं, ‘सिक सेइ माउ’, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीचा ठपका आपल्या माथी घेणं. (मांजराला ते ‘माउ’ म्हणतात. आपल्या लहान मुलांना कँटोनीजचा निदान हा एक शब्द येतोच.) लिंबू खाणं म्हणजे प्रेमात नकार मिळणं. पांढरं फळ खाणं म्हणजे मेहनत वाया जाऊन हाती भोपळा येणं. नरम भात खाणारा पुरुष बायकोच्या कमाईवर जगतो.

‘सिक कुक चुंग’ मात्र शेतकऱ्यालाच सुचू शकतं: पेरणीसाठी राखलेलं बियाणं खाणं. कमाई बंद आहे आणि साठवणीवर दिवस चाललेत, असा अर्थ. आज हा शब्द चाळिसाव्या मजल्यावर राहणारा, आयुष्यात भाताचं शेत न पाहिलेला माणूसही नोकरी गेल्यावर वापरतो.

‘खारवलेला मासा खाल्लास तर तहान सोस’ ही म्हणही ऐकाल. समजावून सांगायची गरज नाही, सुकट खाणाऱ्यांना तर नाहीच.

‘का याउ’ म्हणजे तेल ओत, ते प्रोत्साहन कसं काय?

दिव्यात किंवा इंजिनात तेल घातलं की ते जोमाने चालतं, तसं. सामन्यात, परीक्षेआधी, आजारी माणसाला, सगळीकडे चालतं. हाँगकाँगच्या इंग्रजीतून त्याचं शब्दशः भाषांतर इतकं रुळलं की 2018 मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने ते दाखल करून घेतलं. गंमत अशी की हाँगकाँगमध्ये गाडीत पेट्रोल भरायला साधारणपणे ‘का याउ’ म्हणत नाहीत, ‘याप याउ’ म्हणतात. म्हणजे आत तेल घालणं. बोलीने दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली.

‘याम छा’ला बोलावलं, पण तिथे तर पूर्ण जेवण होतं!

बरोबर आहे. याम छा म्हणजे चहा पिणं, पण चहा निमित्तमात्र. बांबूच्या टोपल्यांतून येणारे छोटे छोटे पदार्थ, म्हणजे तिम-सम (आपण डिमसम म्हणतो ते), हा खरा कार्यक्रम. तिम-समचा शब्दशः अर्थ ‘हृदयाला स्पर्श’. आपला ‘चहा’ आणि त्यांचा ‘छा’ एकाच मुळाचे, आणि त्यांच्या उच्चारात तो ह ऐकूही येतो.

चहाला दुसरी बाजूही आहे. ‘छा छिन’, चहाचे पैसे, म्हणजे लाच. आपलं ‘चहापाणी’च. 1970 च्या आधीच्या हाँगकाँगमध्ये सरकारी रुग्णालयातल्या आयासुद्धा रुग्णाला पाणी द्यायला चहाचे पैसे मागत. 1974 मध्ये तिथे स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापन झाला, आणि पेय बदललं. त्या आयोगाने चौकशीला बोलावलं की लोक म्हणतात, त्याला ‘कॉफी प्यायला’ बोलावलंय. लाच चहाची, चौकशी कॉफीची.

काही वस्तूंची नावं मुद्दाम बदलतात, असं का?

आवाजामुळे. एकाच उच्चाराचे शब्द भरपूर असल्याने अशुभ शब्दाचा नुसता आवाजही नको असतो. जिभेचा जुना शब्द ‘सित’ हा ‘तोटा’ या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून खाटकाच्या दुकानात डुकराची जीभ ‘लेइ’ झाली, आणि लेइ ऐकू येतं ‘नफा’सारखं. काळीज (यकृत) म्हणजे ‘कोन’, पण कोन म्हणजे कोरडंही, आणि कोरडं म्हणजे पाणी नाही, म्हणजे पैसा नाही! मग काळजाला ओलाव्यावरून नाव दिलं. पंचांगाचं नाव ‘थुंग स्यू’, त्यातला स्यू म्हणजे पुस्तक, पण ‘हरणं’ही तसंच ऐकू येतं. म्हणून ते ‘थुंग सिंग’, म्हणजे सर्वत्र जिंकणारं. रिकाम्या घराला रिकामं म्हणणं अपशकुनी, कारण त्या ‘हुंग’मध्ये अरिष्ट ऐकू येतं. भाड्याच्या पाटीवर म्हणून ‘कत उक’ लिहितात: शुभ घर. छत्रीचा प्रमाण चिनीतला शब्द ‘पांगापांग’सारखा वाटतो, म्हणून बोलीत छत्री म्हणजे ‘चे’, सावली धरणारी.

हे वाचून हसण्याआधी आठवा: आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरातून निघणारा ‘जातो’ म्हणाला की आजी आतून ओरडते, ‘येतो म्हण!’ आपण अर्थाला घाबरतो, ते आवाजाला.

लोक अर्धंच वाक्य बोलून हसतात, ते काय असतं?

त्याला ‘हित हौ यू’ म्हणतात. कोड्यासारखी दोन भागांची म्हण. पहिला भाग चित्र, दुसरा उत्तर. बोलणारा चित्र सांगून थांबतो, उत्तर ऐकणाऱ्याने मनात भरायचं.

कानाशिवायची किटली (कान म्हणजे मूठ): उरलं फक्त तोंड. म्हणजे नुसती बडबड, काम शून्य. पूर्वजांनी वाटलेलं डुकराचं मांस: प्रत्येकाला वाटा. कुळाच्या वाड्यात पूजेनंतर खरंच असं मांस वाटतात. विजेचा दिवा: हवा खेळत नाही. ‘हवा न खेळणं’ म्हणजे प्रसंग न ओळखणं, म्हणून प्रेमी जोडप्याबरोबर बसून राहणारा तिसरा माणूस हा ‘तिन तंग ताम’, विजेचा दिवा. त्या जोडप्याचं फिरणं म्हणजे ‘फाक थो’. हा शब्द मोती नदीवर दोन नावा कडेला कड लावून ओढत नेण्यावरून आला, असं सांगतात.

अवघड प्रकार श्लेषाचा. ‘छत्री धरलेला भिक्षू’: केस नाहीत आणि आभाळही नाही, कारण मुंडण केलेलं आणि वर छत्री. ‘फात’ म्हणजे केस आणि ‘फात’ म्हणजे कायदा. म्हणून खरा अर्थ: ना कायदा मानतो, ना देवाला. ही म्हण चीनभर चालते. 1970 मध्ये माओंनी अमेरिकन पत्रकार एडगर स्नो यांच्याशी बोलताना ती स्वतःबद्दल वापरली. माओ कँटोनीज नव्हते, पण म्हण हीच. दुसरा भाग आणि श्लेष भाषांतरात हरवला, आणि 1971 मध्ये छापून आलं की माओ स्वतःला गळकी छत्री घेऊन जगात एकटाच फिरणारा भिक्षू म्हणवतात. ‘मी कुणाला जुमानत नाही’ असं सांगणारा माणूस वाचकांना करुण वैरागी वाटला. शब्दशः अर्थावर थांबलं की असं होतं.

प्राण्यांची नावं शिव्या असतात का?

काही. पण बरीच निरुपद्रवी आहेत. मोठ्या डोक्याची कोळंबी म्हणजे विसरभोळा. कोंबडी पळाली म्हणजे संधी हुकली. कोंबडी बदकाशी बोलली, ‘कइ थुंग आप कोंग’, म्हणजे दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही. इंग्रजी अक्षरांना म्हणतात कोंबडीची आतडी.

‘से वोंग’, सापांचा राजा, हा खरा दुहेरी. हिवाळ्यात सापाचं सूप विकणाऱ्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर तो अभिमानाने लिहिलेला असतो. ऑफिसात तो कामचुकाराला लागतो. पाटी बघून ग्राहक व्हा, सहकाऱ्याकडे बघून म्हणू नका.

कुठले शब्द टाळावेत?

‘हाम सप’, खारट-ओलं, म्हणजे लंपट. आमटी खारट झाली असेल तर नुसतं ‘हाम’ म्हणा आणि तिथेच थांबा. ‘छि सिन’, म्हणजे टेलिफोनच्या तारा एकमेकींना चिकटणं, डोकं फिरलंय अशा अर्थी. मित्रांत चालतं, वरिष्ठांसमोर नाही.

आयांचा एक ठेवणीतला संवाद मात्र ऐकायला हरकत नाही: ‘तुला जन्म देण्यापेक्षा छा-सिउचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं.’ छा-सिउ म्हणजे गोडसर भाजलेलं डुकराचं मांस, निदान खाता तरी येतं. आपल्या आया दगडावर समाधान मानतात, धुणं तरी धुता आलं असतं म्हणून.

मँडरिन येणाऱ्याला हे सगळं कळेल?

माकूळ कळेल, कारण तो शब्द उत्तरेकडेही पसरला. मत्सरासाठी व्हिनेगर पिणं किंवा खाणं दोन्हीकडे आहे. बाकी पाण्याचे गोळे, आटलेली तळी, शुभ घरं बहुतेक इथलीच.

आपल्याकडून तिकडे काही गेलं का?

हाँगकाँगच्या वाहनतळावर पैसे भरायच्या खिडकीवर इंग्रजीत ‘श्रॉफ’ लिहिलेलं असतं. नवख्या युरोपियनाला ते कळत नाही. आपल्या सराफालाच तिथे बसवलंय. हा शब्द हाँगकाँगच्या इंग्रजीतला, कँटोनीजमधला नव्हे, पण पाटी दिसली की मी दर वेळी वाचतो. उलट दिशेने आलेली चॉपसी तर गाडीवरच मिळते: ‘चाप सोइ’, म्हणजे सरमिसळ तुकडे. हा सोइ पाण्याचा नव्हे, सूर वेगळा.

निरोप घेताना मित्र ‘तक हान याम छा’ म्हणाला. मग कधी जायचं?

‘सवड झाली की चहा घेऊ’ असा त्याचा शब्दशः अर्थ. ‘या की एकदा घरी’ असं आपण जिन्यात उभं राहून म्हणतो, तेवढाच त्याचा भार. तारीख आणि हॉटेलचं नाव त्याने स्वतः सांगितलं तर जा, आणि पोट रिकामं ठेवून जा.